वर्षाचा ठराव आणि गुरुवारचा फळा



भाद्रपदाचे ऊन पडू लागले की आपल्या खेड्यापाड्यांत सभांचा हंगाम सुरू होतो. सहकारी संस्थांचे वर्ष ३१ मार्चला संपते आणि सप्टेंबरअखेर वार्षिक सर्वसाधारण सभा उरकावी लागते. मग सोसायटीची सभा, दूध संस्थेची सभा, पतसंस्थेची सभा अशी रांगच लागते. देवळापुढे सतरंज्या पडतात, कर्णा लावला जातो, मागील सभेचे इतिवृत्त ‘वाचले असे समजून’ कायम होते, आणि मग अध्यक्ष उठून पुढच्या वर्षाचे उद्दिष्ट जाहीर करतात. अमुक लाखांच्या ठेवी, तमुक लिटर दूध, शंभर टक्के वसुली. सूचक मिळतो, अनुमोदक मिळतो, हात वर होतात, टाळ्या पडतात, चहा होतो. पुढल्या भाद्रपदात तेच उद्दिष्ट, फार तर आकडा थोडा वाढवून, पुन्हा त्याच सतरंजीवर मांडले जाते. मधल्या बारा महिन्यांत ते कोठे होते, हे कोणी विचारीत नाही. विचारले तर सभा लांबते आणि चहा गार होतो!

मी हे दुसऱ्यांच्या उखाळ्यापाखाळ्या काढण्यासाठी सांगत नाही. मी स्वतः असा ठराव मांडलेला माणूस आहे. तेहतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालो आणि गावाने मला दूध संस्थेचा अध्यक्ष केले. मास्तर हिशेबाला चोख असतो, एवढीच त्यामागची समजूत. गुराढोरांतले मला फारसे कळत नव्हते, पण उत्साह दांडगा होता. पहिल्याच सभेत मी ठराव मांडला, की आपले रोजचे संकलन चारशे लिटर आहे, ते येत्या वर्षात सहाशे लिटर करायचे. टाळ्या अशा पडल्या की देवळाच्या कळसावरची पारवी उडाली. दुसऱ्या दिवशी पेंटर बोलावून संस्थेच्या भिंतीवर तांबड्या रंगात लिहून घेतले, ‘यंदाचे उद्दिष्ट, सहाशे लिटर’.

आणि गंमत पाहा, सुरुवातीला आकडा खरोखरच चढू लागला. कार्तिकात साडेचारशे, मार्गशीर्षात पाचशेच्या वर. मी ज्याला त्याला सांगत सुटलो, की ठरावाचा हा गुण! वास्तविक त्यात ठरावाचा काडीचाही संबंध नव्हता. पावसाळ्यात आणि त्यानंतर पुष्कळ जनावरे वितात, हिरवा चारा मुबलक असतो, हवा थंड असते, म्हणून हिवाळ्यात दूध वाढते. दुग्धव्यवसायात याला पुष्टकाळ म्हणतात. उन्हाळ्यात ते उतरते, तो कृशकाळ. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते अध्यक्षांना.

फाल्गुनात आकडा घसरला. चैत्रात तो तीनशे नव्वदवर आला, म्हणजे ठराव केला त्या दिवसापेक्षाही खाली. आता मी शाळेतली युक्ती काढली. ज्यांचे दूध कमी झाले त्यांची नावे फळ्यावर लिहिली आणि जो सर्वांत जास्त दूध वाढवील त्याला स्टीलची घागर बक्षीस लावली. आठवड्याभरात दूध वाढले. मी खूष! पण त्याच महिन्यात आमचे दूध तपासायचे यंत्र बिघडून दुरुस्तीला गेले होते. तोपर्यंत प्रत्येकाच्या दुधाचे फॅट आणि एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश आणि बाकीचे घन घटक, वेगळे काढून ज्याचा त्याला दर मिळे. यंत्र नाही म्हणून आम्ही सर्वांना सरासरीचा एकच दर धरला. तुमच्या लक्षात आले असेलच पुढे काय झाले ते. गाईच्या दुधात एसएनएफ ठरल्याएवढे तरी लागते. आमच्या कॅनमधले दूध वरच्या संघाने तपासले तर आठच्या आसपास. एके दिवशी सगळे दूध परत आले आणि त्या दहा दिवसांचा पगार सर्वांचाच कापला गेला.

आमच्याकडे दुधाच्या पैशाला पगारच म्हणतात, आणि ते बरोबरही आहे. महिन्यातून तीनदा येणारा तो पैसा किराणा, औषध आणि पोरांच्या वह्या चालवतो. पगार वाटपाच्या दिवशी एक म्हातारी माझ्यापुढे येऊन उभी राहिली. तिला सारा गाव आक्का म्हणतो. नवरा वारून वीस वर्षे झाली, घरात एक गाय आणि एक नातू. दूध चार लिटर, कधी साडेचार. तिने आपले कार्ड माझ्या टेबलावर ठेवले आणि म्हणाली,

“गुरुजी, माझ्या दुधात पाणी हाय का?”

“नाही आक्का. तुझ्या दुधात कधी पाणी नसतं.”

“मग माझं पैसं का कापलं?”

मी सरासरीचा हिशेब सांगू लागलो. तिने तो सगळा ऐकून घेतला. मग म्हणाली, “म्हंजी पाणी त्यांनी घालायचं आन् दंड मी भरायचा. बरं.” आणि कार्ड उचलून गेली. भांडली असती तर मला बरे वाटले असते.

पाणी कोणी घातले होते ते मला पुढे कळले. नावे सांगत नाही, कारण त्यात माझेही नाव घालावे लागेल. दूध वाढवायचा खरा उपाय मी कोणालाच सांगितला नव्हता. आकडा मात्र मागितला होता, तो न देणाऱ्याची लाज काढली होती आणि देणाऱ्याला घागर लावली होती. अशा वेळी माणूस आकडा आणून देतो. तो कोठून आणतो हे आपण पाहत नाही. माझ्या शिक्षक मित्रांना हे वेगळे सांगायला नको. निकाल शंभर टक्के लागलाच पाहिजे असे फर्मान सुटले की निकाल शंभर टक्के लागतो, पण तिसरीतल्या मुलाला धडा वाचता येतो की नाही, हा प्रश्न जागच्या जागी राहतो.

त्या उन्हाळ्यात मी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांना म्हटले, आमचे दूध का वाढत नाही, हे मला मास्तरला समजेल असे सांगा. त्यांनी माझ्याकडून फळ्यावरचे त्रैराशिक करवून घेतले. ते तुम्हीही करून पाहा.

गाय व्याली की साधारण दहा महिने दूध देते. ती तेरा महिन्यांनी पुन्हा व्याली तर मध्ये भाकड राहिली तीन महिने. परंतु अठरा महिन्यांनी व्याली तर भाकड राहिली आठ महिने. आता गावात चाळीस गाई आहेत असे धरा. सगळ्या तेरा महिन्यांच्या फेऱ्याने विणाऱ्या असतील तर कोणत्याही एका दिवशी सुमारे एकतीस गाई दुभत्या आणि नऊ भाकड. अठरा महिन्यांचा फेरा असेल तर दुभत्या फक्त बावीस आणि भाकड अठरा! गाई त्याच, गोठे तेच, आणि वैरण तर भाकड गाईलाही लागतेच. फरक नऊ दुभत्या गाईंचा. एक गाय सरासरी सात लिटर धरली तर रोजचे त्रेसष्ट लिटर दूध आपण नुसते तारीख चुकवून घालवतो.

आणि तारीख चुकते कशी? गाय व्याल्यावर साधारण दोन ते तीन महिन्यांच्या दरम्यान ती भरवून घ्यायला हवी. ती माजावर येते सुमारे एकवीस दिवसांनी एकदा, आणि तो माज धड एक दिवसही टिकत नाही. पुष्कळदा रात्री किंवा पहाटे येतो. गाय हंबरते, चारा टाकते, दुसऱ्या जनावरावर उडी घेते, काचेच्या तारेसारखा चिकट स्राव दिसतो. कित्येक गाईंचा माज मुका असतो, तेव्हा एवढेही दिसत नाही. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवावी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. ही वेळ हुकली की गेले एकवीस दिवस. दोनदा हुकली की दीड महिना पाण्यात.

हे ऐकून मी वही घेऊन घरोघर हिंडलो. प्रत्येक घरी एकच विचारायचे, तुमची गाय शेवटची कधी व्याली? घरधनी ओट्यावर बसलेला असायचा. तो म्हणायचा, “झालं असेल की वर्षभर.” मग आतून आवाज यायचा, “वर्ष कुठलं? नागपंचमीच्या आदल्या दिवशी व्याली. मी मेंदी भिजवून ठेवली हुती.” दुसऱ्या घरी उत्तर आले, “पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी.” तिसऱ्या घरी, “थोरलीला बाळंतपणाला आणली त्या आठवड्यात.” मी दिनदर्शिका उघडून सणावरून तारखा काढीत होतो आणि माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडत होता. धारा काढतात बायका. गोठा झाडतात बायका. गाय माजावर आली हे पहाटे पहिल्यांदा दिसते ते त्यांना. आणि माझ्या सभेत सतरंजीवर बसलेले, टाळ्या वाजवणारे, हात वर करणारे झाडून सगळे पुरुष! सभासदत्वाचे नाव त्यांचे, म्हणून सभा त्यांची. ज्यांच्या हातात काम होते त्यांना ठराव झाल्याचेसुद्धा ठाऊक नव्हते.

मी आक्काच्या घरी गेलो तेव्हा तिने हेच सुनावले. ती सभासद होती, तरी सभेला कधी आली नव्हती. “सभा तुमी ठेवता सांच्याला सहा वाजता. त्या वक्ताला धारा काढतंय कोण? तुमी का आमी?”

पुढच्या भाद्रपदात आम्ही सभा ठेवली रात्री आठ वाजता, दूध घालून झाल्यावर. संचालकांना विनवून सांगितले, की घरच्या माणसाला बरोबर आणा, नाहीतर तुम्हीही येऊ नका. पाऊणशेच्या वर माणसे जमली आणि त्यांत निम्म्या बायका होत्या. कर्णा लावलाच नाही.

या वेळी मी उद्दिष्ट सांगितले नाही, विचारले. नऊ सूचना आल्या. कोणाला संस्थेवर माडी चढवायची होती, कोणाला पशुखाद्याचे दुकान हवे होते, कोणाला मुक्त गोठे, एकाला आणंदला सहल. मी नऊच्या नऊ फळ्यावर लिहिल्या आणि म्हटले, आता यांतल्या सात खोडा. खोडायला तास लागला. मला वाटते, साऱ्या वर्षातला तोच तास सर्वांत मोलाचा गेला. नऊ गोष्टींना एकदम होकार द्यायला काहीच लागत नाही. आपल्या आवडीची गोष्ट शेजाऱ्याच्या हाताने खोडली जाताना गप्प बसायला मात्र खूप लागते. माडीवाले रुसले. ते अजून थोडे रुसलेलेच आहेत.

शेवटी दोन गोष्टी उरल्या. पहिली, व्यालेली प्रत्येक गाय तीन महिन्यांच्या आत भरवायची आणि भरवल्यापासून तीन महिन्यांत ती गाभण आहे की नाही हे डॉक्टरांकडून तपासून घ्यायचे. दुसरी, उन्हाळ्याच्या वैरणीसाठी मक्याच्या मुरघासाचे दोन खड्डे भरायचे. ही दुसरी एका तरुण सभासदाने हट्टाने राखून घेतली. तो म्हणाला, “पोटात चारा नसेल तर गाय माजावर येईल कशी?” त्याला उत्तर नव्हते.

लिटरचा आकडा आम्ही ठरावातून काढून टाकला. त्यावर बराच वाद झाला. लोक म्हणाले, दूध वाढवायला जमलो आणि दुधाचेच नाव नाही? तेव्हा डॉक्टर उठले. ते म्हणाले, गाय कार्तिकात भरवली तर दोनशे ऐंशी दिवसांनी, म्हणजे श्रावणाच्या सुमारास, विणार. तिचे दूध तुम्ही पाहणार ते पुढच्या वर्षी. मग यंदाच्या वर्षाचे माप दूध कसे असेल? यंदा तुमच्या हातात आहे ते मोजा.

श्रोतेहो, हे एक वाक्य मला तेहतीस वर्षांच्या नोकरीत कोणी सांगितले नव्हते. फळ उशिरा येते, काम आज करायचे असते, आणि आपण वर्षभर टक लावून बसतो ते फळाकडे. मग पहिले सहा महिने आकडा हलत नाही, लोक कंटाळतात, आणि ज्याला नव्याचे नऊ दिवस म्हणतात ते खरे होते.

आता ज्यांनी हे फार मोठ्या प्रमाणावर केले आहे अशा एका गावाचे उदाहरण देतो. ते तुम्ही ऐकले असेल, पण त्याच्या या एका अंगाकडे सहसा लक्ष जात नाही. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरे बाजार. पाऊस सरासरी चारशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे अवर्षणाचाच मुलूख. १९८९ साली पोपटराव पवार तेथे सरपंच झाले. पुढे गावाने श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी पाळली, डोंगरावर चर खोदले, पाणी अडवले. २०२० साली पवारांना पद्मश्री जाहीर झाली. हे सगळे वर्तमानपत्रांत येते. पण मला त्या गावाची मोठी वाटणारी गोष्ट आहे ती त्यांचा पाण्याचा ताळेबंद. पावसाळा संपला की गावात पडलेला पाऊस आणि विहिरींची पातळी यांवरून हाताशी पाणी किती आहे याचा हिशेब होतो. तो ग्रामसभेपुढे ठेवतात. आधी माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी बाजूला काढायचे, पुढच्यासाठी जमिनीत काही राखायचे, आणि उरेल त्यावर रब्बीला कोणते पीक किती घ्यायचे ते ठरवायचे. ऊस आणि केळी यांना तेथे फाटा दिला आहे आणि शेतीसाठी बोअरवेल घ्यायला बंदी आहे. पाऊस बरा झाला तर बेत मोठा, तुटीचा झाला तर बेत लहान.

यात नीट पाहा. त्यांचे उद्दिष्ट गेल्या वर्षीच्या उद्दिष्टात दहा टक्के मिळवून येत नाही. ते दर वर्षी मोजणीतून नव्याने येते, आणि मोजणी सर्वांच्या देखत होते. ज्याला यंदा जास्त पाण्याचे पीक घ्यायचे होते त्यालाही विहिरीतले पाणी किती हे दिसते. त्याची समजूत घालायला पुढाऱ्याचे भाषण लागत नाही.

आमचे गाव हिवरे बाजार नाही, हे मी प्रांजळपणे सांगतो. आम्ही एवढेच केले, की संस्थेच्या दारात एक फळा टांगला. त्यावर प्रत्येक गाईची एक ओळ. हल्ली जनावराच्या कानात बारा आकडी बिल्ला असतो, त्यातले शेवटचे चार आकडे लिहायचे. पुढे तीन रकाने. व्याल्याची तारीख, भरवल्याची तारीख, तपासणीची तारीख आणि निकाल. मालकाचे नाव लिहायचे नाही, असे मी बजावले. घागरीची आठवण ताजी होती. अर्थात चार आकड्यांवरून गाय कोणाची हे सगळ्या गावाला कळते, पण नाव लिहिलेले आणि न लिहिलेले यांत फरक पडतो. दर गुरुवारी संध्याकाळचे दूध घातल्यावर दहा मिनिटे त्या फळ्यापुढे उभे राहायचे. बसायचे नाही. बसले की भाषण सुरू होते. या आठवड्यात कोणती गाय माजावर आली, कोणती भरवली, कोणाची तपासणी राहिली, एवढेच बोलायचे. फळा लिहायचे काम सातवीतल्या दोन मुलींनी घेतले. अक्षर माझ्यापेक्षा चांगले.

पहिले अकरा गुरुवार उत्तम गेले. मग सुगी आली. ज्वारीची काढणी, मळणी, लग्नसराई. तीन गुरुवार फळ्यापुढे कुत्रे नव्हते. चौथ्या गुरुवारी मी स्वतःच गेलो नाही. म्हटले, कशाला उभे राहायचे एकट्याने? अशाच वेळी वर्षाचे ठराव मरतात. कोणी ते मोडत नाही. एक आठवडा चुकतो, दुसरा चुकतो, मग चुकल्याची लाज वाटते आणि लाजेने माणूस तिकडे फिरकत नाही.

आमचा ठराव वाचला तो माझ्यामुळे नव्हे. आक्काची गाय व्याल्याला पंचाऐंशी दिवस झाले होते आणि तिचा माज मुका होता. दोनदा हुकला होता. ती त्या गुरुवारी एकटीच फळ्यापुढे येऊन उभी राहिली आणि लिहिणाऱ्या मुलींना तिने माझ्या घरी पाठवले. मी गेलो. ती म्हणाली, “गुरुजी, माझी ओळ रिकामी हाय. ती तशीच ठेवायची का?” मी डॉक्टरांना फोन केला. ते दुसऱ्या दिवशी आले, गाय तपासली, औषध दिले, खनिज मिश्रण चालू करायला सांगितले. पुढच्या माजाला गाय भरली. नव्वद दिवसांची मुदत टळून गेलीच. फळ्यावर तारीख लिहिताना मुलीने मला हळूच विचारले, एखादा आठवडा मागची तारीख टाकू का? मी म्हटले, नाही, खरी टाक. त्या दिवसापासून उशिराच्या तारखा तांबड्या खडूने लिहायच्या ठरले, पण तांबड्या ओळीच्या मालकाला कोणी ‘का झाले’ असे दटावून विचारायचे नाही. ‘काय लागेल’ असे विचारायचे. फळ्याची भीती बसली की दुधातले पाणी खडूत येते, हे मी शिकून चुकलो होतो.

शिक्षक बंधुभगिनींना येथे एक सांगणे आहे. गावात मोजणाऱ्या माणसाची वाण असते आणि शाळेत मोजायला शिकणारी मुले बसलेली असतात. पर्जन्यमापक शाळेच्या अंगणात असू द्या. विहिरीची पातळी दोरी सोडून महिन्यातून एकदा मुलांनी मोजावी. मात्र मोठे माणूस बरोबर हवे आणि विहिरीला कठडा हवा. दूध संस्थेच्या आकड्यांचा आलेख वर्गात काढावा, आणि तो काढताना यंदाचा चैत्र गेल्या चैत्राशी ताडून पाहायला शिकवावे, मार्गशीर्षाशी नव्हे. मी चैत्र आणि मार्गशीर्ष यांची गल्लत केली आणि गाव फसले. सातवीतला मुलगा ती करणार नाही, इतका हा सोपा धडा आहे. शाळेच्या स्वतःच्या वार्षिक आराखड्यालाही हेच लागू करून पाहा. शाळा व्यवस्थापन समितीची सभा पालकांच्या कामाच्या वेळी ठेवायची आणि मग पालक येत नाहीत म्हणायचे, हा माझाच संध्याकाळी सहाचा कित्ता झाला.

तुम्ही विचाराल, मग तुमच्या सहाशे लिटरचे काय झाले? झाले नाहीत. पहिल्या चैत्रात तीनशे नव्वद होते. ठराव बदलल्यानंतरच्या चैत्रात तीनशे पंच्याण्णव. म्हणजे जवळजवळ तेथेच. डॉक्टरांनी सांगूनच ठेवले होते, म्हणून कोणी हिरमुसले नाही. त्याच्या पुढच्या चैत्रात, नवी गाय कोणी फारशी विकत न घेता, चारशे सत्तर. मुरघासाचे दोन खड्डे ठरले होते, भरला एकच. दुसऱ्याच्या मक्यावर लष्करी अळी पडली. भिंतीवरचे तांबडे सहाशे लिटर अजून तसेच आहे. पेंटर पुसायचे पैसे मागतो आणि संचालक मंडळ ते मंजूर करीत नाही. मीही आग्रह धरलेला नाही. ते तेथे असलेले बरे.

आता परवाच्या गुरुवारी अकरा गाईंची गाभण तपासणी आहे. दोन रिकाम्या निघतील असा डॉक्टरांचा अंदाज आहे. आक्का म्हणते, तीन. आणि तिसरी कोणाची, ते तिने मला कानात सांगितले आहे.